काउंटडाउन संपल्यावर

‘परमाणू : द स्टोरी ऑफ पोखरण’ (२०१८) बघायला बसताना शेवट काय होणार हे आधीच माहीत असतं. ‘रॉकेट बॉईज’च्या दुसऱ्या सीझनचंही (२०२३) तेच. दोन्हीकडे वाळवंट आहे, घामाघूम शास्त्रज्ञ आहेत, उलटे आकडे मोजणारा आवाज आहे, आणि मग जमीन हादरते. मिठ्या, अश्रू, क्रेडिट्स. या लेखात मला एक साधा प्रश्न विचारायचाय : क्रेडिट्स सुरू झाल्यावर त्या बॉम्बचं काय होतं?

प्रश्न खोडसाळ नाही. पोखरणला जे फुटलं ते त्याच क्षणी संपलं. शत्रूला धाक वाटतो तो न फुटलेल्या बॉम्बचा. तो कुठेतरी ठेवलेला असतो, वर्षानुवर्षं. त्याच्याबद्दल रोज दोन गोष्टींची खात्री लागते. हुकूम आला तर तो चाललाच पाहिजे. आणि हुकूम नसताना, कुणाच्या चुकीने, कुणाच्या डोकं फिरण्याने किंवा एखादी वायर सैल झाल्याने तो चालता कामा नये. या दोन मागण्यांचं एकमेकींशी पटत नाही. एक आवळायला गेलं की दुसरी ढिली होते. त्यात क्षेपणास्त्रं जुनी होतात, सुटे भाग मिळेनासे होतात, समोरच्याची रडारं सुधारतात, मग आपल्यालाही बदलावं लागतं. पेपरात ‘अण्वस्त्रांचं आधुनिकीकरण’ असा जडजंबाल शब्द येतो, तो या न संपणाऱ्या कामाबद्दल असतो.

माझ्या धंद्यात हा फरक रोजचा आहे. कॅम्पसमधून कंपनीत लागलेल्या पोराला मित्र पहिला प्रश्न विचारतात, ‘डेव्हलपमेंट प्रोजेक्ट मिळाला की सपोर्ट?’ सपोर्ट म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो. रिलीजच्या दिवशी केक कापतात, लिंक्डइनवर फोटो जातो. त्यानंतरची दहा वर्षं रात्री अडीचच्या अलर्टला कोण उठतं, त्याचा फोटो कुणी काढत नाही. हिंदी पडद्याला बॉम्बचा डेव्हलपमेंट प्रोजेक्ट हवा आहे. सपोर्टची फाईल त्याने उघडलेलीच नाही.

आता एकेक कलाकृती घेऊ.

‘परमाणू’ यातला सगळ्यात सरळ सिनेमा. दिग्दर्शक अभिषेक शर्मा. जॉन अब्राहमचा अश्वत रैना हा कल्पित सरकारी अधिकारी. त्याची योजना १९९५ मध्ये फसते आणि १९९८ मध्ये त्याला दुसरी संधी मिळते. टीममधल्या लोकांना महाभारतातली सांकेतिक नावं. वर अमेरिकेचे उपग्रह, खाली जैसलमेरमध्ये हेर, आणि घरी नवऱ्यावर संशय घेणारी बायको. ही भूमिका आपल्या अनुजा साठेची आहे, आणि तिला संशय घेण्यापलीकडे फारसं काही दिलेलं नाही. उपग्रह डोक्यावर नसताना खड्ड्याचं काम उरकायचं, हा भाग मात्र खरा आहे आणि सिनेमात जमलाय. डिसेंबर १९९५ मध्ये अमेरिकी उपग्रहांनी तयारी हेरली, दबाव आला आणि चाचणी थांबली. १९९८ मध्ये लष्कराच्या इंजिनिअर रेजिमेंटने बरंचसं काम रात्री करून ती चूक टाळली.

पण खऱ्या गोष्टीतला सगळ्यात थरारक प्रसंग मला आपल्या अंगणातला वाटतो. १ मे १९९८ च्या पहाटे, म्हणजे महाराष्ट्र दिनाला, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातून लष्कराचे ट्रक निघाले. बॉम्बचे भाग घेऊन ते मुंबई विमानतळावर गेले आणि तिथून हवाई दलाच्या एएन-३२ विमानाने ते भाग जैसलमेरला पोचले. शहर झोपेत असताना, त्याच्याच रस्त्यांवरून. खडवलीहून ट्रॉम्बे सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटर. कसाऱ्याहून येणारी लोकल पकडायची, कुर्ल्याला हार्बर बदलायची, मानखुर्दला उतरायचं. बॉम्ब ही राजस्थानची गोष्ट आहे असं आपल्याला वाटतं, कारण कॅमेरा तिथे लावला गेला. फुटला तो तिकडे. बनला तो इथे, शिफ्ट, कॅन्टीन आणि गेटपासच्या जगात.

त्या जगातली एक गोष्ट सांगतो. ट्रॉम्बेची ‘ध्रुव’ अणुभट्टी ही भारतीय आराखड्याची, १०० मेगावॉटची. ८ ऑगस्ट १९८५ ला ती पहिल्यांदा चालू झाली. पण आतल्या इंधनाच्या जुड्या कंप पावू लागल्या, आणि पूर्ण क्षमतेला पोचायला जानेवारी १९८८ उजाडलं. जवळजवळ अडीच वर्षं माणसं एका थरथरीच्या मागे होती. ‘ध्रुव’च्या उभारणीत ज्यांचा मोठा वाटा होता ते अनिल काकोडकर माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधून मेकॅनिकल इंजिनिअर झालेले. या अडीच वर्षांवर सिनेमा काढायला हेर लागत नाहीत, महाभारत लागत नाही. एक कंप लागतो आणि तो शोधणारी हट्टी माणसं. चांगल्या लेखकाला एवढं पुरेल.

‘परमाणू’च्या शेवटच्या फ्रेममध्ये सगळं यशस्वी होतं. वास्तवात वाद अकरा वर्षांनी पेटला. पोखरणच्या १९९८ च्या चाचण्यांत सहभागी असलेले संरक्षण संशोधन संस्थेचे के. संथानम २००९ मध्ये उघडपणे म्हणाले, की त्यातला हायड्रोजन बॉम्ब अपेक्षेइतका चालला नाही. अणुऊर्जा आयोगाचे माजी अध्यक्ष पी. के. अय्यंगार यांनाही शंका होत्या. आर. चिदंबरम आणि काकोडकर यांनी ते ठामपणे खोडून काढलं. कोण बरोबर हे ठरवायची माझी पात्रता नाही. पण यातलं नाट्य बघा. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण या धाकाचा अख्खा सिद्धांत आहे. आणि इथे मुठीत काय आहे यावर मूठ वळणारेच चारचौघांत भांडताहेत. धाक कमी पडतोय म्हणायचं तर पुन्हा चाचणी करा म्हणायला हवं, आणि चाचणी केली तर १९९८ नंतर स्वतःवर घातलेलं बंधन मोडतं. एवढी कसदार गोष्ट सिनेमाच्या हाताशी होती आणि त्याने ती बाहेर ठेवली.

‘रॉकेट बॉईज’ कितीतरी वरच्या दर्जाची आहे. अभय पन्नूचं दिग्दर्शन, जिम सरभचा होमी भाभा, इश्वाक सिंगचा विक्रम साराभाई. पहिला सीझन १९६२ च्या चीन युद्धानंतरच्या वादाने सुरू होतो : भाभांना बॉम्ब हवा आहे, साराभाईंना नको. मालिकेचा कणा हाच. पण मालिका पाहून मनात उरतं ते असं की भाभा व्यवहारी आणि साराभाई हळवे. एकाला देशाची काळजी, दुसऱ्याला माणुसकीची. कागदपत्रांतलं चित्र याच्या उलट आहे, आणि जास्त रंजक आहे.

चीनने पहिली अणुचाचणी केली १६ ऑक्टोबर १९६४ ला. आठवड्याभरात, २४ ऑक्टोबरला, भाभा आकाशवाणीवर बोलले. जगात निःशस्त्रीकरण व्हावं असंही ते म्हणाले, पण लोकांच्या लक्षात राहिला तो हिशोब : दहा किलोटनचा एक स्फोट साडेसतरा लाख रुपयांत, आणि पन्नास बॉम्बचा साठा दहा कोटींहून कमी खर्चात. आकडे अमेरिकेने शांततामय स्फोटांसाठी दिलेल्या दरांवरून काढलेले होते. म्हणजे बॉम्बची किंमत धरली होती. तो नेणारं विमान किंवा क्षेपणास्त्र, तो राखणारी माणसं, हुकूम पोचवणाऱ्या तारा, आणि तीस वर्षांनी हे सगळं बदलायचा खर्च यात नव्हता. आमच्याकडे प्रपोजलमध्ये लायसन्सचा खर्च दाखवून मेंटेनन्सची ओळ गाळली, तर क्लायंट मीटिंगमधून उठवून लावेल.

ती गाळलेली ओळ साराभाईंनी बोट ठेवून दाखवली. भाभांच्या मृत्यूनंतर १९६६ मध्ये अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाल्यावर पत्रकारांसमोर त्यांनी मांडलेला मुद्दा थोडक्यात असा : नुसता एक बॉम्ब फोडून सुरक्षा मिळत नाही, तो कागदी वाघ ठरेल, खरा धाक हवा तर दूरवर जाणारी क्षेपणास्त्रं, रडार, प्रगत इलेक्ट्रॉनिक्स असं सगळं संरक्षणतंत्र उभं करावं लागेल, आणि त्याचा खर्च विचारा. यात हळवेपणा कुठे आहे? ज्याला मालिका स्वप्नाळू दाखवते तोच माणूस सिस्टिमचा हिशोब करत होता. मालिकेने हा वाद हृदय विरुद्ध मेंदू असा रंगवला आणि त्यातली सगळ्यात आजची गोष्ट तिच्या हातून निसटली. शेवटी दुसरा सीझन १८ मे १९७४ च्या स्फोटापाशी थांबतो, आणि साराभाईंचा प्रश्न अनुत्तरित राहतो.

या दोघांच्या समोर मी ठेवतो आनंद पटवर्धन यांचा माहितीपट ‘जंग और अमन’ (२००२). सेन्सॉर बोर्डाने यात कट सुचवले, पटवर्धन लढले, आणि २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो कापाकापीविना दाखवायला परवानगी दिली. माझ्या वयाच्या फार थोड्यांनी तो बघितला असेल. बघाच. तो काउंटडाउनकडे जात नाही, तिथून निघतो. स्फोटानंतरचा जल्लोष दाखवतो आणि मग ज्यांच्यासाठी क्रेडिट्स कधी आलेच नाहीत त्यांच्याकडे जातो : पोखरणच्या चाचणी क्षेत्राजवळचं खेतोलाई गाव, झारखंडमधल्या जादूगोडाच्या युरेनियम खाणींभोवतीचे आदिवासी, हिरोशिमाचे वाचलेले म्हातारे.

त्यातला एक प्रसंग डोक्यातून जात नाही. पाकिस्तानातल्या शाळेत मुलींची वक्तृत्व स्पर्धा आहे. मुली बॉम्बच्या बाजूने तडफदार बोलतात, टाळ्या घेतात. नंतर कॅमेरा त्यांच्याशी गप्पा मारायला बसतो तेव्हा त्या हसत कबूल करतात, की स्पर्धा जिंकायची तर हीच बाजू चालते. या दोन मिनिटांत पटवर्धन जे सांगतात ते दहा अग्रलेखांत सापडणार नाही. सीमेच्या अलीकडे आपणही असेच बोलतो, फक्त आपली स्पर्धा व्हॉट्सअॅप स्टेटसवर असते.

तरी हा माहितीपटही मला पुरत नाही. तो विचारतो, बॉम्ब असावा का? त्याचं उत्तर आहे, नसावा. हे उत्तर प्रामाणिक आहे. पण त्यावर मत काहीही असलं तरी स्टॉकहोमच्या सिप्री या संस्थेच्या अंदाजानुसार २०२५ च्या सुरुवातीला भारताकडे सुमारे १८०, पाकिस्तानकडे १७० आणि चीनकडे ६०० अण्वस्त्रं होती. ती आज रात्रीही कुठेतरी आहेत. ‘नसावा’ म्हणणाऱ्यालाही आणि ‘हवाच’ म्हणणाऱ्यालाही आज रात्रीचा प्रश्न सारखाच लागू आहे. ती नीट ठेवली आहेत का? देशभक्तीच्या सिनेमाकडे या प्रश्नासाठी शब्द नाहीत. युद्धविरोधी सिनेमाकडेही नाहीत.

आणि हा प्रश्न गेल्या काही वर्षांत बदललाय. पूर्वी भारताच्या व्यवस्थेबद्दल एक दिलासा सांगितला जायचा : बॉम्बचा गाभा एकीकडे, क्षेपणास्त्र दुसरीकडे, ताबा वेगवेगळ्या खात्यांकडे. म्हणजे कुणाचंही डोकं फिरलं तरी जोडणी करायला वेळ जाणार, आणि त्या वेळात कुणीतरी शुद्धीवर येणार. आता नवी क्षेपणास्त्रं सीलबंद नळकांड्यात, कॅनिस्टरमध्ये, ठेवून फिरवता येतात. अशा नळकांड्यात अस्त्र आधीच जोडलेलं असण्याची शक्यता वाढते. नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘अरिहंत’ पाणबुडीने धाक ठेवणारी पहिली गस्त पूर्ण केल्याचं पंतप्रधानांनी जाहीर केलं; २९ ऑगस्ट २०२४ ला दुसरी, ‘अरिघात’, नौदलात आली. समुद्राखाली गस्तीवर असलेल्या पाणबुडीला अर्धा बॉम्ब ट्रॉम्बेत ठेवून चालत नाही. ११ मार्च २०२४ ला ‘अग्नी-५’ची चाचणी झाली, ज्यात एकच क्षेपणास्त्र अनेक अस्त्रं वेगवेगळ्या ठिकाणी टाकू शकतं.

यातलं प्रत्येक पाऊल मूर्खपणाचं आहे असं मी म्हणत नाही. पाणबुडीचंच बघा. आपण पहिला वार करणार नाही, हे भारताचं जाहीर धोरण आहे. ते पाळायचं तर पहिला वार झेलून काहीतरी शिल्लक राहिलं पाहिजे, आणि शोधायला सगळ्यात अवघड असते ती पाणबुडी. ती असली की घाईने निर्णय घ्यावा लागत नाही. हे खरंच शहाणपणाचं आहे. अनेक अस्त्रांच्या क्षेपणास्त्राचं उलट आहे : एकाच टोपलीत जास्त अंडी, म्हणून ती टोपली आधी फोडायचा मोह समोरच्याला जास्त. एकाने वेळ वाढतो, दुसऱ्याने कमी होतो. पेपरात मात्र दोन्ही बातम्यांना एकच मथळा असतो : भारताची ताकद वाढली.

मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्ष पेटला, सायरनची मॉक ड्रिल झाली, तेव्हा आमच्या लोकलच्या ग्रुपमध्ये हाच विषय होता. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले एक काका म्हणाले, ‘अरे, आपल्याकडे अणुबॉम्ब आहे ना, मग कसली भीती?’

‘त्यांच्याकडेपण आहे, काका.’

‘त्यांचा चालतो का नाही कुणाला माहीत!’

‘आणि आपला?’

‘आपला चालतोच,’ काका म्हणाले, ‘पिक्चर नाही का बघितलास?’

डबा हसला, मीही हसलो. पण काकांचं म्हणणं गंमत नाही. सामान्य नागरिकाकडे या विषयावर खरोखर दुसरा पुरावा नाहीये. गुप्तता असणारच, ती हवीच. तिथे जी पोकळी राहते ती गोष्टींनी भरते. म्हणून या गोष्टींची समीक्षा नुसत्या अभिनय आणि छायाचित्रणावर थांबवता येत नाही.

आपल्याकडे एक खरी सपोर्ट प्रोजेक्टची गोष्ट घडलीही आहे. ९ मार्च २०२२ ला भारतातून एक क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडलं. ते ब्राह्मोस होतं, त्यावर अण्वस्त्र नव्हतं, कुणी मेलं नाही. दोन दिवसांनी सरकारचं निवेदन आलं : नेहमीच्या देखभालीदरम्यान तांत्रिक बिघाडाने हे घडलं. ऑगस्टमध्ये हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केलं गेलं. ठरलेली कार्यपद्धती पाळली गेली नाही, असं कारण दिलं गेलं. आधी ‘बिघाड’, मग ‘माणसं’. ज्याने प्रॉडक्शनमधला मोठा घोळ जवळून पाहिलाय त्याला या दोन वाक्यांमधली जागा लगेच दिसेल. बिघाड आणि माणूस वेगळे नसतात. एकट्या माणसाच्या चुकीने एवढं मोठं काहीतरी सुटू शकलं, तर ते सुटू देणारी रचना कुणाची, हा पुढचा प्रश्न असतो. आणि त्या काही मिनिटांत पाकिस्तानच्या रडारवर ते क्षेपणास्त्र बघत बसलेला माणूस? त्याला कसं कळणार होतं त्यात काय आहे? त्याने किंवा त्याच्या वरिष्ठाने धीर धरला. सिनेमासाठी याहून मोठं काउंटडाउन कुठलं हवं?

जगात अशा गोष्टींचा साठा आहे. ९ नोव्हेंबर १९७९ ला अमेरिकेच्या हवाई संरक्षण केंद्रात सरावाचा डेटा खऱ्या यंत्रणेत गेला आणि पडद्यावर सोव्हिएत हल्ला दिसू लागला. पुढच्या जूनमध्ये अर्ध्या डॉलरचीही नसलेली एक चिप बिघडून तसंच झालं. २६ सप्टेंबर १९८३ ला सोव्हिएत अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव्हने उपग्रहाचा इशारा खोटा मानला आणि तो बरोबर ठरला. २०१६ मध्ये अमेरिकी सरकारच्याच लेखापरीक्षणात उघड झालं, की त्यांच्या अण्वस्त्र यंत्रणेत आठ इंची फ्लॉपी अजून वापरात होत्या. हे आपल्याला माहीत आहे, कारण तिथे कुणीतरी विचारलं आणि कुणाला तरी लिहून उत्तर द्यावं लागलं. आपल्याकडे २०२२ च्या त्या चौकशीचा पूर्ण अहवाल लोकांसमोर आलेला नाही. तो मागण्याइतकी या विषयाची ओळखच आपल्याला कुणी करून दिलेली नाही.

गोष्ट लिहिणाऱ्याकडे माझी मागणी म्हणून अगदी छोटी आहे. एक एपिसोड लिहा. त्यात स्फोट नको. रात्रपाळी असू दे, एक यंत्र दुरुस्तीला काढलेलं, चेकलिस्ट हातात घेतलेला जेमतेम पंचविशीतला अधिकारी आणि त्याला घाई करणारा साहेब. चेकलिस्टमधली एक पायरी आज गाळली तर सगळे वेळेत घरी जातील. तो गाळतो की नाही, एवढंच. एपिसोडच्या शेवटी काहीच घडलं नाही तर त्या रात्री सगळं नीट झालं असं समजायचं.